मोहावर गेलेलं घर

गडचिरोली, ३ एप्रिल २०२५

रंजीता,

हे पत्र विक्कीच्या हाती देतो आहे. तो माझ्याच हाताखाली कंडक्टर म्हणून तयार झाला आणि आता मुरूमगावच्या गाडीवर असतो. तुझ्या उपकेंद्रासमोर गाडी थांबवून पत्र नर्सबाईच्याच हातात देईन, असं त्याने कबूल केलं आहे. फोन केला नाही, कारण तू कापला असतास. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस चार ओळी तरी वाचतो. तेव्हा काम आधी सांगतो. कारकाटोल्याला सुकरीबाई नावाची म्हातारी आहे. ती जिवंत आहे का, असली तर कुठे आहे, एवढं मला कळव. तुझ्याकडे मी दुसरं काही मागत नाही.

आता कशासाठी ते. एसटीतून रिटायर झाल्यावर मी घरात बसून तुझ्या आईचं डोकं खात होतो. कंटाळून तिनेच मला एका संस्थेत नेऊन घातलं. तिथे आम्हाला बालसोबती म्हणतात. ज्या लेकरांना घरात मारझोड झाली किंवा ज्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही, त्यांची प्रकरणं बालकल्याण समितीपुढे चालतात. ते मुलांचं कोर्टच समज. आम्ही लेकराच्या बाजूला बसायचं, त्याचं ऐकायचं, त्याला जिथे ठेवायचं ते घर पाहून यायचं आणि त्याच्या भल्याचं काय ते समितीला सांगायचं. पगार नाही. आयुष्यभर लोकांना 'पुढे सरका' म्हणत आलो, म्हटलं आता कुणाच्या बाजूला बसून पाहावं.

माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी आहे, मंगली. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाप पोचू इथे राईस मिलमध्ये आहे. कामावर जाताना तो तिला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. जानेवारीत दोन दिवस ते कुलूप निघालंच नाही. शेजारणीने १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पोरगी बादलीतल्या पाण्यावर होती, आणि पाठीवर पट्ट्याचे वळ होते. तेव्हापासून ती बालगृहात आहे. बापाने वकील लावून तिला परत मागितलं आहे. सुकरीबाई ही तिच्या आईची आई. तीही एकदा समितीपुढे येऊन 'लेकरू मले द्या' म्हणून गेली.

म्हणून २८ मार्चला मी तिचं घर पाहायला गेलो. गाडी दहाला सोडते आणि पाऊण तासाने तीच परत येते. घराचं दार दोरीने बांधलेलं. भांडी सगळी पालथी. चूल थंडगार, राखसुद्धा झाडून नेलेली. शेजारची घरंही तशीच. एक आंधळा म्हातारा बसला होता, तो 'सब गेले' एवढंच म्हणाला. तेवढ्यात गाडीचा हॉर्न आला आणि मी निघालो. अहवालात लिहिलं, घर सोडलेले आहे, आजीचा ठावठिकाणा नाही. पोचूच्या खोलीबद्दल मात्र पान भरून लिहिलं: पक्की भिंत, नळ, पंखा, स्वच्छ अंथरूण. तो स्वतःही इस्त्रीचा शर्ट घालून नीट बोलत होता.

मंगली माझ्याशी हळूहळू बोलायला लागली होती. तुझी आजी गावात नाही, असं मी तिला सांगितलं, आणि तेव्हापासून ती माझ्याकडे पाठ करून बसते. २२ तारखेला सुनावणी आहे. माझ्या कागदावर ती एकतर त्या खोलीत परत जाईल, नाहीतर चंद्रपूरच्या संस्थेत, अठरा वर्षांची होईपर्यंत. आणि मला आता वाटून राहिलं आहे की माझं काहीतरी चुकलं.

ही नावं बाहेर बोलायची नसतात. तू सरकारी नर्स आहेस, म्हणून आमच्या संस्थेच्या दिव्या मॅडमना विचारूनच लिहिलं. वाचून झालं की जाळून टाक.

आई बरी आहे.

देवाजी


गडचिरोली, ११ एप्रिल

रंजीता,

उत्तर मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही. औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा पेशंटचं नाव असतं. पण उत्तर दिलंस.

तू लिहितेस, 'सुकरीबाई धडधाकट आहे. पूर्ण घर मोहावर आहे, फुलं वेचायला. त्यांची झाडं गावापासून दोन कोस आत आहेत, म्हणून फुलं पडतात तितके दिवस ते झाडाखालीच राहतात. भांडी पालथी घालून गेलेलं घर सोडलेलं नसतं.'

मी ते तीनदा वाचलं आणि आधी तुझाच राग आला. मग जेवताना आठवलं. मोहाच्या दिवसांत धानोऱ्याच्या पुढे गाडी रिकामी धावते, हे मला एकतीस वर्षं माहीत आहे. डेपोत त्यावर मी भाषणं दिली आहेत. त्या दिवशीही गाडीत मी आणि सिमेंटची दोन पोती होतो. गाडी रिकामी का, ते मला पाठ होतं आणि घर रिकामं का, ते सुचलं नाही. कारण गाडी मी रोज पाहिली, पण खाली उतरून कुणाच्या अंगणात पाऊण तासाच्या वर कधी थांबलो नाही.

मी त्या संध्याकाळी नवा अहवाल लिहून काढला. त्यात लिहिलं, 'आजी आता गावी परत आली आहे.' छान अक्षरात. कुणाचं वाईट नाही, माझी चूकही झाकली जाते. दिव्या मॅडमना दाखवला. ती तुझ्याच वयाची पोरगी आहे, पण चष्म्यावरून पाहायला लागली की मी खुर्चीत सरळ होतो.

ती म्हणाली, "काका, परत आली असं लिहिलं तर वकील काय म्हणेल? एकदा टाकून गेली होती. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला सगळे जंगलात जातील, तेव्हा पुन्हा टाकून जाईल."

"मग काय लिहू?"

"ती गेलीच नव्हती, असं. आणि मी चुकलो, असं. पण ते स्वतः राहून, पाहून आल्यावर."

मी म्हणालो, मॅडम, समितीपुढे माझं काय राहील? तिने चष्मा वर सरकवून कागद माझ्यापुढे ठेवला. तो छान अक्षरातला कागद मी परत घेतला. अजून टेबलावर आहे, खोटं कशाला सांगू.

आणखी एक लिहायचं आहे आणि त्यासाठी हा तिसरा कागद घेतला आहे. सहा वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नाआधी, अंकुशचं घर पाहायला मी एकदाच आलो होतो. किती वेळ होतो आठवतं का तुला? गाडी पुढच्या गावाहून वळून येईपर्यंत. मातीच्या भिंती पाहिल्या, अंगणातल्या कोंबड्या पाहिल्या, पंखा नाही ते पाहिलं. त्याच्या आईने खाट टाकली, मी बसलो नाही. घरी येऊन तुला म्हणालो, त्या झोपडीत माझी पोरगी जाणार नाही, आणि गेलीस तर माझ्या दारात पाय ठेवू नको. तोही माझा अहवालच होता. तू सहा वर्षं त्याची शिक्षा भोगलीस, आणि मी नातवाला पाहिलं नाही. माझं चुकलं, रंजीता. हे तोंडाने मला म्हणता आलं असतं की नाही, मला शंका आहे.

तुझी आई दर बुधवारी देवळात जाते म्हणून सांगते. ती शेजारच्या शकुबाईच्या गच्चीवर जाते आणि तू मीटिंगला धानोऱ्याला, रेंजमध्ये आलेली असतेस म्हणून तुला फोन लावते, हे मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे. बुधवारी मी मुद्दाम चहा उशिरा मागतो. तिला सांगू नको.

आता विनंती. मला कारकाटोल्याला जाऊन राहायचं आहे. म्हातारीचं मराठी तोडकंमोडकं, आणि माझं गोंडी 'बस थांबली, उतरा' एवढंच. गोंडी जाणणारं कुणी सोबत मिळेल का? मी १४ तारखेच्या सकाळच्या गाडीने येतो.

तुझे वडील


गडचिरोली, १७ एप्रिल

रंजीता,

फाट्यावर उतरलो तर तू नव्हतीस. अंकुश मोटरसायकल घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बसा मामाजी. पाय सांभाळजा, सायलेन्सर गरम हाये." सहा वर्षांपूर्वीही तो मला मामाजीच म्हणाला होता. तेव्हा मी ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

गाडी जिथवर जाते तिथवर गेलो, मग तास-दीड तास चाललो. मोहाची पंधरा-वीस झाडं, खालची जमीन झाडून लख्ख केलेली. पळसाच्या पानांचं छप्पर घातलेला मांडव, त्यात अंथरुणं, पाण्याचे हंडे, तीन दगडांची चूल. सुकरीबाई, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मला पाहिल्यावर म्हातारी उठली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, मनाची तयारी केली. ती आधी गोंडीत बोलली, मग मराठीत.

"तू आलता ना त्या रोजी? आमचा आंधळा बुढा सांगे. घरी कोनीच नोयतं. तुले पानी नाई भेटलं."

तिला त्याचीच लाज वाटत होती. पाहुणा आला आणि बिनपाण्याचा गेला. मी तिच्याबद्दल काय लिहून बसलो आहे ते तिला अंकुशने सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. म्हणून मीच सांगितलं. अंकुशने गोंडीत केलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मंगली जेवते का?"

"कमी जेवते."

"तिले कोंडत तं नाई ना कोनी?"

मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. तीन वेळा विचारलं.

एका झाडाची फुलं ती वेगळ्या टोपलीत ठेवते. ते झाड मंगलीच्या आईला दिलेलं होतं. लग्न होऊन गेली तरी झाड तिचंच, आणि ती गेल्यावर मंगलीचं. दोन वर्षं झाली, पोरगी नसली तरी तिच्या झाडाचं फूल दुसऱ्याच्या टोपलीत पडलेलं नाही. मी वहीत हे सगळं लिहून घेत होतो, तर सुकरीबाईने वही बाजूला केली आणि माझ्या हातात टोपली दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळ्यांबरोबर फुलं वेचायला वाकलो. अर्ध्या तासात कंबर धरली. एकेक फूल उचलायचं, झटकायचं, टोपलीत. अंकुश शेजारच्या झाडाखालून म्हणाला, "मामाजी, तुमी मोवा वेचून राह्यले का तिकीट फाडून राह्यले?" सगळे हसले. मी पण हसलो. त्याच्याशी बोलायला मग सोपं गेलं.

मी शाळेतही जाऊन आलो. मास्तर म्हणाले, मोहाच्या दिवसांत पोरं सकाळी झाडाखाली असतात आणि दुपारून शाळेत येतात, ते हजेरी दुपारीच घेतात. सुकरीबाईची नातवंडंही दोन कोस चालून येतात. हे मी कागदावर त्यांच्या सहीने घेतलं. एवढं एकदा तिथे राहिल्याशिवाय मला कुणी सांगितलं नसतं, आणि मी विचारलंही नसतं.

परतताना अंकुश म्हणाला, "घरी चालता का? तिची ड्युटी नाई आज. पोट्टा बी हाये."

मी नाही म्हणालो. तू मला बोलावलं नव्हतंस. त्याने आग्रह केला नाही, फाट्यापर्यंत सोडलं आणि गाडी येईपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला. माणूस चांगला आहे. हे तुला मी सांगण्याची गरज नाही, पण सांगितलं.

टेबलावरचा तो कागद फाडला. २२ ला अंकुशलाही यावं लागेल, सुकरीबाईचं बोलणं त्याने मराठीत केलं म्हणून. तू त्याला येऊ देशील ना?

बाबा


गडचिरोली, २३ एप्रिल

चि. रंजीतास आशीर्वाद,

अंकुशने काल रात्रीच तुला सगळं सांगितलं असेल. तरी मी माझ्या बाजूने सांगतो, कारण तो माझं वाईट सांगणार नाही.

समितीच्या खोलीत अध्यक्ष मॅडम आणि बाकीचे सदस्य, समोर आम्ही. पोचू त्याच इस्त्रीच्या शर्टात. त्याला विचारलं तेव्हा तो रडला. म्हणाला, "मी तिले सेफ ठेवत होतो मॅडम. दार उघडं ठेवलं असतं तं कुठी तरी निघून गेली असती." मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटतं. पट्ट्याचं विचारलं तेव्हा मात्र खाली पाहत राहिला.

मग माझी पाळी. मी उभा राहिलो. एकतीस वर्षं भरल्या गाडीत ओरडलेला माणूस मी, पण वाक्यं कागदावर लिहून आणली होती.

"माझा पहिला अहवाल चूक आहे, मॅडम. घर सोडलेलं नव्हतं. ते मोहावर गेले होते. मी चौकशी केली नाही."

"तुम्ही थांबला का नाहीत?"

"माझी गाडी सुटली असती."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष मॅडम हसल्या नाहीत. मी दुसरा अहवाल दिला, मास्तरांचा कागद दिला. पोचूचा वकील उठला आणि म्हणाला, ज्या माणसाचा पहिला अहवाल खोटा, त्याच्या दुसऱ्यावर का विश्वास ठेवायचा? बरोबर होतं त्याचं. मी म्हणालो, माझ्यावर नका ठेवू साहेब, पोरीला विचारा.

तिला तर ते विचारणारच होते. बाप आणि वकील बाहेर गेले. मंगली माझ्या बाजूच्या खुर्चीवर, तशीच पाठ करून. अध्यक्ष मॅडम खुर्ची सोडून तिच्यासमोर खाली येऊन बसल्या. आजीकडे जायचं का, विचारलं. काही नाही. बाबांकडे? काही नाही. ती बोलली नसती तर सगळं संपलं असतं, आणि ती बोलत नव्हती ती माझ्यामुळे. मी हळूच म्हणालो, "मंगली, मी चुकीचं सांगितलं होतं तुले. आजी होती. तुझ्या झाडाची फुलं बी वेगळी ठेवली हायेत तिनं. मी आपल्या हातानं वेचली."

ती वळली. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "आजी तर जंगलात झाडाखाली राहते. मांडवात झोपावं लागेल. तिथे तुला भीती नाही वाटणार?"

मंगली म्हणाली, "तिथी दारच नाई."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला रडू आलं ते मी लपवलं नाही, या वयात कुणासाठी लपवायचं. बाहेर सुकरीबाई बाकावर बसली होती, तिला आत बोलावलं. मंगली खुर्चीवरून उतरून तिच्या लुगड्याला जाऊन चिकटली आणि मग सोडवतासुद्धा येईना.

आदेश असा की मंगली सध्या तीन महिने आजीकडे राहील. दर महिन्याला कुणीतरी जाऊन पाहील. पोचू तिला महिन्यातून एकदा संस्थेच्या ऑफिसात, दिव्या मॅडमसमोर भेटू शकेल. तीन महिन्यांनी पुन्हा बसायचं. वळांची केस कोर्टात वेगळी चालेल, तिथे तिला बोलावलं तर दुसरी बालसोबती तिच्या बाजूला बसेल, सगुणा म्हणून आहे, शहाणी बाई आहे. मी नाही. मला या प्रकरणातून काढलं. आदेशात माझ्या पहिल्या अहवालाला 'निष्काळजीपणे केलेला' म्हटलं आहे. वाचताना कान गरम झाले, पण लिहिलं ते खरंच आहे. दिव्या मॅडम म्हणतात, जूनमध्ये दुसरं लेकरू देतील. मी म्हणालो, द्या, पण परतीच्या गाडीचं टाइमटेबल माझ्याकडून काढून घ्या.

शनिवारी सकाळच्या गाडीने मंगलीला आणि सुकरीबाईला कारकाटोल्याला पोहोचवायचं एवढं शेवटचं काम माझ्याकडे ठेवलं आहे. मोह संपत आला, पण तिच्या झाडावर अजून थोडी फुलं आहेत असं म्हातारी म्हणते. तुझी आई पण येते म्हणते. मंगलीला पोहोचवणं झालं की आम्हाला परतायची घाई नाही. तू बोलावलंस तर येऊ. नाही बोलावलंस तर फाट्यावर बसून येणाऱ्या गाडीने जाऊ, आणि मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण सांगणार नाही.

एक राहिलं. वकिलाने जाता जाता अंकुशकडे बोट करून मला विचारलं होतं, "हा दुभाषी तुमचा कोण?" त्याला म्हणायचं होतं की हे सगळं एकाच घरचं कारस्थान आहे. ओळखीचा आहे असं म्हणालो असतो तर भागलं असतं, आणि कदाचित मला काढलंही नसतं. मी काय म्हणालो ते अंकुशने तुला सांगितलं का, मला माहीत नाही. तो मान खाली घालून उभा होता. आदेशाची नक्कल बाहेर देता येत नाही, तिच्यात मंगलीचं नाव आहे. पण त्यातली एक ओळ आपल्या घरची आहे, ती जशीच्या तशी उतरवून देतो. सरकारी शिक्का लागलेली आहे, आता मलासुद्धा बदलता येणार नाही:

'गोंडी ते मराठी दुभाषी: श्री. अंकुश उसेंडी, अहवाल देणारे श्री. देवाजी यांचे जावई.'

तुझा बाबा